हॅमच्या टेबलावर लिनक्स

हौशी रेडिओतल्या डिजिटल मोडमध्ये रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, जोडीला संगणक येतो. ऑपरेटरचा मजकूर संगणक सुरांमध्ये बदलतो, साउंड कार्ड ते सूर माइकच्या जागी रिगला देते आणि रिग ते हवेत सोडते. दुसऱ्या टोकाला हाच प्रवास उलट्या क्रमाने होतो. आरटीटीवाय हा या घराण्यातला सर्वांत जुना मोड. त्यात १७० हर्ट्झ अंतरावरचे दोन सूर ४५.४५ बॉडच्या वेगाने आलटून पालटून वाजतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटरने, पीएसके३१ तयार केला आणि घरच्या संगणकाच्या साउंड कार्डावर, जेमतेम ३१.२५ बॉडच्या वेगाने, कीबोर्डवरून गप्पा मारता येऊ लागल्या. जुलै २०१७मध्ये स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर यांचा एफटी८ आला. त्यानंतर थोड्याच काळात १४.०७४ आणि ७.०७४ मेगाहर्ट्झ या जागा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या हौशी फ्रिक्वेन्सींमध्ये गणल्या जाऊ लागल्या.

संगणकावर किती भार आहे हे एफटी८चा एकच संदेश जवळून पाहिला तरी कळते. या संदेशात ७७ बिट मावतात. तेवढ्यात दोन कॉल साइन आणि एक छोटी नोंद बसते: सिग्नलचा अहवाल, नाहीतर ठिकाणाची चौकट. पृथ्वीच्या नकाशावर आखलेल्या या चौकटींमध्ये पुणे एमके६८मध्ये येते, मुंबई एमके६९मध्ये, पणजी एमके६५मध्ये आणि नागपूर एमएल९१मध्ये. ७७ बिटांना तपासणीचे १४ आणि चूक दुरुस्तीचे ८३ बिट जोडले की १७४ होतात. आठ सुरांपैकी प्रत्येक सूर तीन बिट वाहतो, म्हणून त्यांचे ५८ सूर होतात. जुळणीसाठीचे २१ सूर ठरलेल्या तीन जागी घातले की ७९ झाले. प्रत्येक सूर ०.१६ सेकंद वाजतो आणि संदेश १२.६४ सेकंदांत, ५० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात पुरा होतो. पंधरा सेकंदांच्या पाळीत उरलेल्या दोन-सव्वादोन सेकंदांत ऐकणाऱ्याचा संगणक पट्ट्यातले सगळे सिग्नल उकलून त्यांची यादी मांडतो आणि त्यातून उत्तर ठरते. अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातल्या गोंगाटापेक्षा सिग्नल २१ डेसिबलने खाली, म्हणजे शक्तीने सव्वाशेव्या भागाएवढा असला तरी उकल होऊ शकते. कानाला त्या जागी निव्वळ खरखर ऐकू येते.

ही उकल करणारा डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यामागचे जो टेलर हे खगोलभौतिकीचे संशोधक. रसेल हल्स यांच्यासह त्यांनी १९७४मध्ये जोडताऱ्यातला पल्सार शोधला आणि त्यासाठी १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल बाहेर काढण्याची जी विद्या त्यांनी दुर्बिणीपाशी कमावली, तीच २००१पासून हौशी रेडिओला मिळत गेली. प्रोग्रामचा कोड खुला असल्यामुळे जेटीडीएक्स आणि जेएस८कॉल असे त्याचे वंशजही निघाले. उकल करणारे गणित तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर एकच आहे. त्यामुळे विंडोज सोडून लिनक्स घेतल्याने अँटेना अधिक दूरचे ऐकू लागत नाही आणि गोंगाटही कमी होत नाही. या बदलाचा लाभ वेगळ्या ठिकाणी आहे. तो कुठे आहे हे आधी ओळखले, तर निवड शहाणपणाने होते.

बदलाचे निमित्त बहुधा व्यवहारातले असते. विंडोज १०ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. हॅमच्या टेबलावर बहुतेकदा घरातून किंवा ऑफिसातून निवृत्त झालेला लॅपटॉप असतो. त्याच्यात ती सोय नसते, पण एफटी८ उकलण्याएवढी ताकद भरपूर असते. स्पर्धेच्या ऐन रात्री अपडेटसाठी संगणक आपोआप बंद होऊन सुरू व्हावा किंवा अपडेटनंतर साउंड कार्डाची नेमून दिलेली पातळी बदललेली सापडावी, असे अनुभवही अनेकांच्या गाठीशी असतात. डेबियन, मिंट, उबुंटू यांसारख्या लिनक्सच्या वितरणांवर जुना लॅपटॉप बरीच वर्षे सुखाने चालतो आणि अपडेट कधी घ्यायचे ते त्याचा मालक ठरवतो.

पण निमित्तापेक्षा मोठे कारण हौशी रेडिओच्या स्वभावातच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांमध्ये हौशी सेवेची तीन उद्दिष्टे दिली आहेत: स्वतःचे शिक्षण, आपसातला संपर्क आणि तांत्रिक शोध. हे सगळे पैशाच्या लाभाविना करायचे असते. त्यात स्वतःच्या शिक्षणाचा उल्लेख पहिला आहे. भारतात व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन मिळवण्याआधी उमेदवाराला रेडिओच्या तत्त्वांची आणि नियमांची परीक्षा द्यावी लागते, कारण ट्रान्समीटर चालवणाऱ्याला आपल्या हातातले यंत्र कळले पाहिजे अशी अपेक्षा असते. डाग देऊन जोडलेल्या तारा, हाताने गुंडाळलेली कॉइल आणि छतावर ओढलेला डायपोल यांमधून पूर्वीच्या पिढ्यांनी ती अपेक्षा पुरी केली. आज स्टेशनचे अर्धे यंत्र संगणकात गेले आहे. ती अर्धी बाजू बंद झाकणाखाली राहिली तर हॅमचे शिक्षणही अर्धेच राहते. लिनक्स ते झाकण उघडे ठेवतो. वेळ, पोर्ट आणि ध्वनी ही तीन कामे ऑपरेटिंग सिस्टीम रिगसाठी करते. स्थलांतर करताना या तिन्ही कामांची तोंडओळख एकामागून एक होत जाते.

पहिले काम वेळेचे. एफटी८ची पाळी दर मिनिटाच्या ०, १५, ३० आणि ४५व्या सेकंदाला सुरू होते आणि घड्याळ दोनेक सेकंदांहून जास्त चुकले तर उकल थांबते. उकललेल्या प्रत्येक ओळीत 'डीटी' नावाचा स्तंभ असतो. समोरचा सिग्नल अपेक्षेपेक्षा किती पुढे-मागे आला ते तो दाखवतो. एखाद्याच ओळीत मोठा आकडा दिसला तर चूक त्या स्टेशनची. सगळ्याच ओळींत सारखा आकडा दिसला तर आपले घड्याळ तपासायचे. विंडोजवर बरेच हॅम वेळ जुळवण्यासाठी वेगळा प्रोग्राम बसवतात. लिनक्समध्ये क्रोनी नावाची सेवा हे काम सतत करते. ती इंटरनेटवरच्या अनेक वेळ-सर्व्हरांशी तुलना करते आणि घड्याळाला धक्का न देता त्याचा वेग किंचित कमी-जास्त करून ते जागेवर आणते. एक आज्ञा दिली की सध्याचा फरक सेकंदाच्या कितव्या अंशात आहे तो पडद्यावर दिसतो. डोंगरावर नेटवर्क नसेल तिथे यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर जोडला की तोच क्रोनीचा गुरू होतो.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या भारतीय हॅमला आणखी एक गोष्ट दिसते. संगणकाच्या बोर्डावरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळेनुसार लावतो, तर लिनक्स ते जागतिक वेळेवर असल्याचे धरून चालतो. त्यामुळे एकातून दुसऱ्यात गेल्यावर, नेटवर्क जोडले जाईपर्यंत, घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले असते. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद, आणि त्यांना १५ने पूर्ण भाग जातो. म्हणून पाळ्या बिनचूक जुळतात, पडद्यावर स्टेशने दिसतात, संपर्कही होतात. चूक फक्त लॉगमध्ये उतरते. अमेरिकी हॅम संघटनेच्या लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये दोन्ही बाजूंच्या नोंदींची वेळ अर्ध्या तासाच्या आत जुळावी लागते, त्यामुळे हे संपर्क पक्के होत नाहीत. उपाय सोपा आहे. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळेचे घड्याळ मानायला सांगता येते किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून त्याला जागतिक वेळेवर आणता येते. दुसरा मार्ग अधिक स्वच्छ, कारण हॅमचा लॉग नेहमी जागतिक वेळेतच लिहायचा असतो.

दुसरे काम पोर्टचे. रिगची फ्रिक्वेन्सी बदलणे आणि तिला ट्रान्समिटवर टाकणे या आज्ञा सिरियल पोर्टवरून जातात. आजच्या आयकॉम आयसी-७३००सारख्या रिगमध्ये एकाच यूएसबी केबलमधून पोर्ट आणि साउंड कार्ड दोन्ही संगणकात पोचतात. विंडोजमध्ये यासाठी निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आणावा लागू शकतो आणि पोर्टला 'कॉम ५' असे नाव मिळते. लिनक्सच्या गाभ्यात या चिपांचे ड्रायव्हर आधीच असतात. केबल लावली की 'टीटीवाय यूएसबी शून्य' नावाची फाइल उगवते. ती वापरण्याचा हक्क 'डायलआउट' गटातल्या लोकांपुरता असतो. आपले नाव त्या गटात घालून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. नवख्याला पहिला अडथळा बहुधा इथेच येतो. दोन केबली असतील तर शून्य आणि एक हे आकडे जोडण्याच्या क्रमाने बदलतात. म्हणून प्रत्येक केबलच्या अनुक्रमांकावरून बनलेले कायमचे नाव वापरावे. तेही लिनक्स स्वतःच तयार करून ठेवतो.

या टप्प्यावर भेटणारी एक अडचण बारकाईने पाहण्यासारखी आहे. स्वस्त केबलींमध्ये सीएच३४० ही चिप सर्रास असते. उबुंटू २२.०४ बसवलेल्या संगणकाला अशी केबल लावली की पोर्ट क्षणभर दिसतो आणि लगेच नाहीसा होतो. केबल बदलून पाहिली, संगणक बंद-चालू केला, तरी तेच. गाभ्याच्या नोंदी वाचल्या की उलगडा होतो. पहिली ओळ सांगते की चिप ओळखली आणि पोर्ट दिला. पुढच्या ओळीत 'बीआरएलटीटीवाय' नावाच्या प्रोग्रामने तेच उपकरण आपल्या ताब्यात घेतल्याचे दिसते. तिसऱ्या ओळीत पोर्ट सुटल्याची नोंद असते. हा प्रोग्राम अंध वाचकांच्या ब्रेल पट्टीसाठी आहे. काही ब्रेल पट्ट्यांमध्ये हीच चिप त्याच ओळखक्रमांकासह असते, आणि अंध व्यक्तीला कोणाच्या मदतीविना संगणक सुरू करता यावा म्हणून तो प्रोग्राम अशी चिप दिसताच पुढे होतो. हेतू अतिशय चांगला आहे, फक्त ओळखक्रमांक दोघांचा एक आहे. घरात ब्रेल पट्टी वापरणारे कोणी नसेल तर तो प्रोग्राम काढून टाकावा. कोणी असेल तर उपकरण जोडले जाताना लागू होणाऱ्या नियमांच्या फाइलीतली तेवढी ओळ बंद करावी. अडचण तीन ओळींत वाचता आली, कारण यंत्रणेने काय घडले ते कुठेही लपवले नव्हते.

मोडेम मॅनेजर या सेवेचाही असाच परिचय होतो. नवा पोर्ट दिसला की तो मोबाइल मोडेम आहे का हे पाहण्यासाठी ही सेवा त्यावर काही अक्षरे पाठवते. शिवाय लिनक्समध्ये पोर्ट उघडताच त्याच्या आरटीएस आणि डीटीआर या दोन रेषा उठतात. रिगचे ट्रान्समिट यांपैकी एखाद्या रेषेवर नेमलेले असेल, तर प्रोग्राम सुरू होताच रिग अनपेक्षितपणे हवेत जाऊ शकते. परवानाधारकाच्या दृष्टीने ही गोष्ट हलकी नाही, कारण हवेत जाणाऱ्या प्रत्येक सिग्नलची जबाबदारी त्याची असते. म्हणून ट्रान्समिटची आज्ञा शक्यतो रिगच्या स्वतःच्या आज्ञावलीतून द्यावी, मोबाइल मोडेम वापरायचा नसेल तर मोडेम मॅनेजर बंद ठेवावा आणि पहिली चाचणी अँटेनाच्या जागी डमी लोड लावून, शक्ती अगदी कमी ठेवून करावी.

तिसरे काम ध्वनीचे. लिनक्समध्ये ध्वनीचे दोन थर असतात. खाली साउंड कार्डाशी थेट बोलणारा अल्सा आणि वर अनेक प्रोग्रामांचा ध्वनी एकत्र हाताळणारा पल्सऑडिओ किंवा आता त्याच्या जागी आलेला पाइपवायर. रिगचे साउंड कार्ड यादीत बहुधा 'यूएसबी ऑडिओ कोडेक' या नावाने दिसते. नवे कार्ड जोडले की यंत्रणा कधीकधी त्यालाच मुख्य कार्ड मानते. मग मेल आल्याची घंटा किंवा गाण्याचा तुकडा रिगमधून हवेत जाण्याचा धोका असतो. त्यामुळे मुख्य कार्ड म्हणून लॅपटॉपचा स्पीकर पक्का करणे आणि डिजिटल मोडच्या प्रोग्रामलाच रिगचे कार्ड नेमून देणे हे पहिले काम. दुसरे काम पातळीचे. बँडवर फक्त खरखर असताना डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा पट्टा ३० डेसिबलच्या आसपास असावा. ट्रान्समिट करताना रिगच्या एएलसीचा, म्हणजे पातळी आपोआप आवरणाऱ्या नियंत्रणाचा, काटा जेमतेम हलावा किंवा हलूच नये. तो जोरात हलला तर सूर विकृत होतात, ५० हर्ट्झचा सिग्नल पसरतो आणि शेजारच्या स्टेशनांवर सांडतो. पातळीचे हे भान दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर तितकेच लागते. लिनक्सवर ते लवकर येते, कारण तिथे पातळी बहुधा स्वतःच लावावी लागते.

या तिन्ही कामांच्या वर हॅमलिब नावाचे ग्रंथालय उभे आहे. शेकडो रिगच्या आज्ञावल्या त्यात एका जागी आहेत. रिग कोणत्याही कंपनीची असली तरी प्रोग्राम 'फ्रिक्वेन्सी सांग' एवढेच विचारतो आणि त्या रिगला कळणाऱ्या भाषेत प्रश्न नेण्याचे काम हॅमलिब करते. त्यातला रिगसीटीएलडी हा छोटा सर्व्हर सुरू ठेवला की एकाच रिगवर डब्ल्यूएसजेटी-एक्स, लॉगचा प्रोग्राम आणि उपग्रहांचा मागोवा घेणारा जीप्रेडिक्ट हे तिघे एकाच वेळी, एकमेकांच्या आड न येता काम करतात. विंडोजवरही हॅमलिब वापरता येते. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या पोटात ते आहेच. पण लिनक्सवर ते स्टेशनचा उघड कणा बनते. दोन शब्दांची आज्ञा टंकून रिगला फ्रिक्वेन्सी विचारली आणि उत्तर आले, की पोर्ट, वेग आणि केबल तिन्ही ठीक आहेत हे मिनिटभरात कळते.

प्रोग्रामांचा हिशेब मांडताना जमा आणि खर्च दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लिहायला हव्यात. पीएसके३१, आरटीटीवाय, ऑलिव्हिया अशा मोडसाठी एफएलडिजी लिनक्सवर उत्तम चालतो. एपीआरएस आणि पॅकेटसाठी डायरवुल्फ आहे, चित्रे पाठवण्यासाठी क्यूएसएसटीव्ही, लॉगसाठी सीक्यूआरलॉग आणि केलॉग. लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठी लागणारा टीक्यूएसएलही आहे. खर्चाच्या बाजूला मोठी नावे आहेत. स्पर्धांमध्ये सर्वत्र दिसणारा एन१एमएम लॉगर फक्त विंडोजवर चालतो. हॅम रेडिओ डीलक्सचेही तसेच. विनलिंकने रेडिओवरून ईमेल पाठवण्यासाठी लिनक्सवर पॅट हा चांगला प्रोग्राम आहे, पण त्याखाली लागणारा वारा हा वेगवान मोडेम विंडोजसाठीच बनला आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या आधारे तो चालवता येतो, मात्र बसवताना बराच धीर धरावा लागतो. वाराची आतली रचना बंद आहे, एफटी८ची खुली आहे. आपत्तीच्या वेळी संदेश पोचवणाऱ्या माणसाला आज चालणारे साधन हवे असते आणि त्याने वारासाठी विंडोजचा एक संगणक ठेवला तर त्यात काही वावगे नाही. पण हौशी सेवेच्या भविष्याचा विचार केला तर कोणालाही वाचता, तपासता आणि सुधारता येतील अशाच मोडमध्ये वेळ आणि श्रम घालणे हिताचे आहे. एखादा निर्माता थांबला तरी खुला मोड थांबत नाही.

लिनक्स घेतल्यावर लहान संगणकांचे एक दालनही उघडते. २०१२मध्ये बाजारात आलेला रास्पबेरी पाय आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या मोजक्या वॉट विजेवर चालतात. वीज गेल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मध्ये एक साधा रूपांतरक लावून, रिग आणि पाय दोन्ही चालू राहतात. पडदा आणि कीबोर्ड न लावता तो अँटेनाजवळ ठेवता येतो आणि दुसऱ्या खोलीतून नेटवर्कवर चालवता येतो. यासाठी डब्ल्यूएसपीआर हा टेलर यांचाच २००८चा मोड फार उपयोगी आहे. त्यात कॉल साइन, चौकट आणि शक्ती एवढाच ५० बिटांचा संदेश असतो. तो सम मिनिटाला सुरू होतो आणि सुमारे ६ हर्ट्झच्या पट्ट्यात जवळजवळ १११ सेकंद चालतो. पाव-अर्ध्या वॉटचा असा सिग्नल दिवसभर सोडला की कोणत्या तासाला कोणता बँड कुठल्या दिशेला उघडतो याची नोंद आपोआप जमा होते. ट्रान्समिट न करता फक्त ऐकत राहणारे स्टेशनही या नोंदींत भर घालते. रास्पबेरी पायच्या पाचव्या पिढीआधीच्या मॉडेलांमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. नेटवर्क नसलेल्या जागी ते बंद करून सुरू केले की त्यांना जीपीएस किंवा वेगळ्या घड्याळाची सोबत लागते.

प्रत्यक्ष स्थलांतर पायऱ्यापायऱ्यांनी करावे. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून पाहावा. रिगचे साउंड कार्ड आणि पोर्ट दिसतात का, एवढी खात्री डिस्कला हात न लावता होते. मग विंडोजमधला लॉग एडीआयएफ फाइलीत बाहेर काढावा. हे स्वरूप सर्व लॉग प्रोग्रामांना वाचता येते. टीक्यूएसएलचा बॅकअप आठवणीने घ्यावा, कारण कॉल साइनचे प्रमाणपत्र त्यातच असते. डब्ल्यूएसजेटी-एक्सचा लॉग नव्या घरी लपलेल्या 'डॉट लोकल' फोल्डरात राहतो. जुनी फाइल तिथे ठेवली की आधी संपर्क झालेली स्टेशने प्रोग्राम पूर्वीसारखीच ओळखतो. सुरुवात एकाच मोडने करावी आणि क्रम वेळ, पोर्ट, ध्वनी, ट्रान्समिट असाच ठेवावा. प्रत्येक पायरी वेगळी तपासली की पुढच्या बिघाडाचा शोध आपोआप अर्ध्यावर येतो. जुने विंडोज महिनाभर तरी ठेवावे. एखाद्या प्रोग्रामासाठी ते कायमचे ठेवावे लागले तरी स्थलांतर फसले असे मानण्याचे कारण नाही.

लिनक्सवर गेल्याने कोणी आपोआप चांगला हॅम होत नाही आणि विंडोजवर राहूनही उत्तम काम करणारे असंख्य आहेत. बदल मोजायचा तो ऑपरेटरच्या जाणतेपणात. यादीत ओळी येणे थांबले तर दोष घड्याळात आहे, पोर्टमध्ये, ध्वनीच्या पातळीत, केबलीत की अँटेनात, हे ज्याला क्रमाने तपासून सांगता येते, त्याच्या स्टेशनातला संगणक रिगइतकाच त्याच्या ओळखीचा झालेला असतो. परवान्याने त्याच्याकडून हीच अपेक्षा केलेली असते.